मृण्मयी: नावाचा अर्थ, व्युत्पत्ती आणि दाखल्यावरचं लेखन

शमी_दादर

भाचीसाठी 'मृण्मयी' हे नाव जवळजवळ ठरलं आहे. बारसं दादरला, येत्या रविवारी. लगेच महापालिकेत नाव लावायचं आहे, त्याआधी काही गोष्टी पक्क्या व्हायला हव्यात.

नावांच्या याद्यांत कुठे 'पृथ्वी', कुठे 'मातीची' तर कुठे 'हरणासारखे डोळे असलेली' असा अर्थ दिलाय. तिन्ही खरे असणं शक्य वाटत नाही. दुसरं, मृण्मयी लिहायचं की मृन्मयी? तिसरं, घरातल्या मोठ्यांना 'मृ' हे अक्षरच खटकतंय, त्यात मृत्यू आहे म्हणतात. आणि शेवटचं म्हणजे इंग्रजी स्पेलिंग. जाणकारांनी सविस्तर सांगावं, ही विनंती.

पाणिनीय

आधी हरिणाक्षी बाजूला काढा. ती मृगाक्षी, मृगनयनी या नावांशी झालेली गल्लत आहे. 'मृग' शब्द अकारान्त आहे. त्याला 'मय' लावलं तर 'मृगमय' होईल, मृण्मय कधीच होणार नाही. मृण्मयीत ना हरीण आहे, ना डोळे.

मूळ शब्द मृद्, म्हणजे माती. त्याला मयट् प्रत्यय लागतो. हा प्रत्यय मुख्यतः दोन अर्थांनी येतो. एक 'अमुकाचं घडवलेलं' आणि दुसरा 'अमुकाने भरलेलं'. आनंदमयी, करुणामयी या नावांत दुसरा अर्थ आहे. मृण्मयीत पहिला. पाणिनीने शर, दर्भ, मृद्, कुटी, तृण अशा थोड्या शब्दांचा एक गण केला आहे आणि 'त्याचा विकार' या अर्थी त्यांना मयट् नित्य लागतो असं सांगितलं आहे (अष्टाध्यायी 4.3.144). म्हणजे 'मातीचं घडवलेलं' म्हणायचं तर मृद् शब्दाला हाच प्रत्यय. प्रत्ययाच्या शेवटी ट् ही खूण असल्यामुळे स्त्रीलिंगी रूप 'ई'ने होतं, म्हणून मृण्मयी. कुणी 'मृण्मया' सुचवलं तर ते रूप चालणार नाही.

थोडक्यात, 'मृण्मयी' हे विशेषण आहे. 'माती' असा त्याचा अर्थ नाही, 'मातीची, मातीतून घडलेली' असा आहे. 'पृथ्वी' हा पुढे लाक्षणिकपणे चिकटलेला अर्थ.

नीलमोहोर

म्हणजे अवनी, धरा, वसुधा या नावांच्या रांगेत मृण्मयी बसत नाही?

पाणिनीय

नेमकं तेच. ती पृथ्वीची नावं आहेत आणि प्रत्येक नाव तिचा एकेक गुण सांगतं. उरु म्हणजे रुंद, त्यावरून उर्वी. पृथु म्हणजे विस्तीर्ण, त्यावरून पृथ्वी. मही म्हणजे मोठी. वसुधा म्हणजे धन पोटात धरणारी. मेदिनी हे नाव मधु आणि कैटभ या दैत्यांच्या मेदाच्या कथेवरून सांगतात. क्षमा म्हणजे पृथ्वीही आणि सोसण्याची ताकदही. मृण्मयी यांच्यातली नाही. ती पृथ्वीची लेक म्हणता येईल. त्या अर्थाने ती 'पार्थिवी'च्या जवळ जाते, जे सीतेचं नाव आहे. 'सीता' म्हणजे नांगराचा तास, हे तर सगळ्यांना ठाऊक आहेच.

अक्षरओळ

मृद् हा शब्द आपण रोज वापरतो, फक्त ओळखत नाही. मृद्गंध म्हणजे पहिल्या पावसात येणारा मातीचा वास. मृद्भांडी, मृदा परीक्षण. राज्य सरकारचं अख्खं एक खातं 'मृद व जलसंधारण' या नावाचं आहे. मृदंगाची परंपरागत फोडसुद्धा मृद् + अंग, मातीच्या अंगाचा, अशीच करतात.

आणि आपला 'माती' हा शब्दही त्याच घरचा. मृद् पासून मृत्तिका, तिचं प्राकृतात मत्तिआ, मट्टिआ, आणि त्यातून मराठीत माती, गुजरातीत माटी, हिंदीत मिट्टी. मृण्मयी आणि माती ही एकाच मुळाची दोन टोकं आहेत, एक जसंच्या तसं संस्कृतातून आलेलं, दुसरं हजार-दीड हजार वर्षं बोलून बोलून झिजलेलं. हे समजल्यावर नाव जास्तच आवडायला लागतं.

शमी_दादर

हे फार छान. आता ण की न?

पाणिनीय

इथे जरा थांबून सांगतो, कारण यावर बरीच उलटसुलट विधानं केली जातात.

पहिली पायरी: मृद् + मय. पुढे म हा अनुनासिक आला की आधीच्या व्यंजनाच्या जागी त्याच्याच वर्गातलं अनुनासिक येतं. द् हा त-वर्गातला, म्हणून द् चा न्. झालं मृन्मय. हाच नियम वाक् + मय = वाङ्मय, चित् + मय = चिन्मय, तत् + मय = तन्मय इथे लागतो. एरवी हा बदल ऐच्छिक असतो (8.4.45), पण पुढे प्रत्यय असेल तर भाषेत तो नित्य होतो असं वार्तिक, म्हणजे सूत्राला जोडलेला पुरवणी नियम, आहे. म्हणून 'मृद्मयी' हे रूप नाही.

दुसरी पायरी, जिथे वाद आहे: ऋ च्या पुढे न आला तर त्याचा ण होतो, जसं पितॄणाम्. मग मृन्मयचं मृण्मय व्हायला हवं की नाही? व्याकरणाने नाही. कारणं दोन. ण करणारं सूत्र 8.4.1 आहे आणि न् निर्माण करणारं 8.4.45. अष्टाध्यायीच्या शेवटच्या तीन पादांत नंतरच्या सूत्राने केलेलं काम आधीच्या सूत्राला दिसत नाही. ण करणाऱ्या सूत्रापुरता तिथे न् नाहीच, द् च आहे. शिवाय मय लागण्याआधीचा मृद् इथे स्वतंत्र पद मानतात, म्हणून हा न् पदाच्या शेवटचा आहे, आणि पदान्त न् चा ण होत नाही असा निषेध वेगळा सांगितलेला आहे (8.4.37).

म्हणून काटेकोर संस्कृत रूप मृन्मयी. ऋग्वेदातही (7.89.1) 'मृन्मयं' असंच आहे.

गोरेगावकर

मग सरळ मृन्मयीच लिहा ना. शुद्ध रूप माहीत असून दुसरं का लिहायचं?

अक्षरओळ

कारण नाव मराठी मुलीचं आहे आणि मराठीत मृण्मयी हेच रूप रुळलं आहे. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीचं नाव 'मृण्मयी' आहे, ण सहित. संस्कृत ग्रंथांच्या छापील प्रतींतही मृण्मय भरपूर दिसतं. ऋ नंतर जिभेला ण सोपा जातो. शिवाय 'हिरण्मय' हा शब्द डोळ्यांसमोर असतो. त्यातला ण मात्र मुळातला आहे, हिरण्य + मय मधला य गळून तो राहिला आहे.

नावाच्या बाबतीत रूढ रूप चूक ठरवणं मला पटत नाही. कुठलंही घ्या, पण एकच घ्या. खरा घोटाळा होतो तो दाखल्यावर ण, शाळेत न आणि आधारवर तिसरंच काहीतरी असतं तेव्हा.

गोरेगावकर

रूढीचा मुद्दा समजला, पण पूर्ण मान्य नाही. मुलीने उद्या विचारलं की ण का, तर 'सगळे लिहितात म्हणून' हे उत्तर अपुरं आहे.

पाणिनीय

तिला वर दिलेलं उत्तर द्यावं: मूळ न्, ऋ च्या शेजाराने मराठीत ण. 'सगळे लिहितात' पेक्षा ते बरंच जास्त आहे. मी व्याकरण सांगितलं, पण निवड करायची झाली तर मराठीत मीही मृण्मयीच्या बाजूने आहे.

जी रूपं दोन्ही बाजूंनी चूक आहेत ती मात्र टाळा:

म्रुण्मयी: इथे ऋकार जाऊन र ला उकार लागला. मूळ शब्दच मोडतो.
मृणमयी: ण पूर्ण लिहिला. अशाने मृण आणि मयी असे दोन तुकडे वाचले जातात.
मृंमयी: अनुस्वार पुढच्या म प्रमाणे उच्चारला जाईल, म्हणजे मृम्मयी. वाङ्मयचं 'वांमय' करत नाही, तसंच हे.
मृण्मई: प्रत्यय मय, त्याची मयी. 'ई' वेगळी काढू नका.

चाफेकळी

'मृ' मध्ये मृत्यू आहे या शंकेचं काय? आमच्या परळच्या बाजूलाही हे बऱ्याच घरांत ऐकू येतं.

पाणिनीय

मृत, मृत्यू हे शब्द मृ या धातूपासून, मरणे या अर्थाचे. माती या अर्थाचा मृद् हा वेगळा शब्द. त्याचा संबंध मृद्, म्हणजे चुरडणे, मळणे या धातूशी लावतात, ज्यापासून मर्दन हा शब्द आला. मळून मऊ केलेली ती मृद्. गोंधळ होण्याचं एक खरं कारण आहे: मृद् एकटा उच्चारला की शेवटचा द् कठोर होऊन 'मृत्' असा ऐकू येतो, मृत्पिंड, मृत्पात्र या शब्दांत तर तसा लिहिलाही जातो. कानाला ते 'मृत' सारखं वाटतं, नातं मात्र काहीच नाही.

नुसत्या 'मृ' वरून नाव टाकायचं तर मृदुला, मृणाल, मृणालिनी सगळीच टाकावी लागतील. मृणाल म्हणजे कमळाचा देठ किंवा त्यातला तंतू. मृण्मयीशी त्याचाही संबंध नाही, तरी याद्यांत दोन्ही शेजारी येतात म्हणून अर्थ इकडचे तिकडे होतात.

नीलमोहोर

एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी. वर ज्या ऋग्वेदातल्या ओळीचा उल्लेख आला, 'मो षु वरुण मृन्मयं गृहं राजन्नहं गमम्', तिचा अर्थ 'हे वरुणा, मी मातीच्या घरात जाऊ नये' असा आहे. मातीचं घर म्हणजे तिथे मरणच समजतात. म्हणजे घरच्या मोठ्यांची शंका शब्दाच्या मुळाने खोटी ठरली तरी मातीच्या प्रतिमेत ती छटा आहे. आपणही 'शेवटी माती' म्हणतोच, आणि 'पार्थिव' शब्दाचा आजच्या बातम्यांतला अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे.

अक्षरओळ

बरोबर, आणि ती छटा लपवायचं कारण नाही. पण तो शब्दाचा एक वापर झाला. दुसरीकडे छांदोग्य उपनिषदात (6.1.4) उद्दालक आरुणी श्वेतकेतूला सांगतो की मातीचा एक गोळा कळला की मातीचं जे जे आहे ते सगळं कळतं. 'सर्वं मृन्मयं विज्ञातं स्यात्' हे त्याचे शब्द. घडा, पणती ही नावं बोलण्यापुरती, 'मृत्तिकेत्येव सत्यम्'. उपनिषदांतल्या सगळ्यांत प्रसिद्ध उपदेशाची सुरुवात या शब्दाने होते. 'तत्त्वमसि' त्याच अध्यायात पुढे येतं. स्नानाच्या वेळी म्हणायच्या मंत्रातही 'मृत्तिके हन मे पापं' अशी मातीलाच विनवणी आहे.

घरच्या मोठ्यांना ग्रंथ दाखवण्यापेक्षा गणपतीची आठवण द्या. भाद्रपदात आपण पूजतो तो 'पार्थिव' सिद्धिविनायक, म्हणजे मृण्मय मूर्तीच. शाडूच्या मूर्तीला जे चालतं ते नावाला का नाही?

बंगवासी_खार

या नावाला बंगालमध्ये मोठी परंपरा आहे, तेही नोंदवतो. तिथे दुर्गेच्या संदर्भात मृन्मयी आणि चिन्मयी अशी जोडी सांगतात. गंगेच्या मातीची मूर्ती ती मृन्मयी, प्राणप्रतिष्ठा झाली की चिन्मयी, म्हणजे चैतन्याची. बिष्णुपूरला मल्ल राजांची कुलदेवता मृन्मयी याच नावाने पूजली जाते. रवींद्रनाथांच्या 'समाप्ती' या 1893 च्या कथेतली झाडावर चढणारी, कुणाला न जुमानणारी नायिकाही मृन्मयीच.

उच्चार मात्र तिकडे 'म्रिन्मोयी' असा. त्यामुळे बंगाली कुटुंबांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये आय आणि बऱ्याचदा ओ दिसतो. मराठी मुलीला ते स्पेलिंग घेऊ नका, नाव ऐकताच लोक बंगाली समजतील.

जुळ्या मुली असतील तर मृण्मयी आणि चिन्मयी, याहून नेमकी जोडी सापडणार नाही.

अक्षरओळ

स्पेलिंगकडे वळू या. मुंबईत याचा खरा त्रास ऋ मुळे होतो. मराठी, गुजराती, कन्नड, तेलुगू बोलणारे ऋ चा उच्चार 'रु' कडे झुकवतात, हिंदी आणि बंगाली बोलणारे 'रि' कडे. एकाच डब्यातल्या चार बायका कृपा हे नाव क्रुपा आणि क्रिपा असं दोन तऱ्हांनी म्हणतात. म्हणून मराठी घराने यू घ्यावा हे सरळ आहे: एम आर यू एन एम ए वाय, आणि पुढे एक आय किंवा दोन ई.

आय घेतला तर 8 अक्षरं, दोन ई घेतले तर 9. दोन ई मुळे शेवटचा दीर्घ 'यी' वाचणाऱ्याला कळतो, आणि महाराष्ट्रात ते जास्त दिसतं. एक आय सुटसुटीत आहे. माझं मत दोन ई ला. शेवटी नुसतं 'एम ए आय' लिहून वाय गाळू नका, त्याचं 'मृण्मै' होतं.

अभिनेत्री मृण्मयी देशपांडे आणि मृण्मयी गोडबोले या दोघी मराठीच, पण पहिलीच्या प्रचलित स्पेलिंगमध्ये यू आहे, दुसरीच्या आय. म्हणजे दोन्ही चालतात. पण फॉर्म भरताना समोरचा माणूस कधी हे तर कधी ते लिहील, हे गृहीत धरून दर वेळी तपासायला हवं.

आणखी एक. नाव 'एम आर' ने सुरू होतं. चौकटीचौकटीच्या फॉर्ममध्ये या दोन अक्षरांनंतर जागा सुटली किंवा टिंब पडलं, तर ते 'मिस्टर' वाचलं जातं. एकही चौकट रिकामी न सोडता सलग लिहा.

वॉर्डवाला

नोंदणीचं मी सांगतो, कारण बहुतेक चुका इथेच होतात आणि नंतर निस्तरायला वर्षं जातात.

जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी. प्रसूती रुग्णालयात झाली असेल तर ती माहिती रुग्णालयच महापालिकेला कळवतं. त्या वेळी बाळाचं नाव नसलं तरी नोंद होते, नावाची जागा कोरी राहते. नंतर आई-वडिलांनी वॉर्ड ऑफिसच्या आरोग्य खात्यात अर्ज देऊन नाव लावायचं. ज्या वॉर्डाच्या हद्दीत जन्म झाला तो वॉर्ड, तुम्ही राहता तो नव्हे. दादरचं घर आणि अंधेरीचं रुग्णालय असेल तर काम अंधेरीच्या वॉर्डात.

नोंदणीपासून 12 महिन्यांच्या आत नाव लावायला शुल्क नाही. त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत लावता येतं. म्हणजे बारशाच्या दुसऱ्याच दिवशी धावायची गरज नाही. ण-न आणि स्पेलिंग घरात पूर्ण ठरू द्या, मग अर्ज करा.

मुंबईचा दाखला मराठी आणि इंग्रजी, दोन्हींत असतो. अर्जातही नाव दोन्ही लिप्यांत द्यायचं असतं. सगळे इंग्रजी स्पेलिंग दहादा तपासतात आणि मराठीकडे बघत नाहीत. मृण्मयीच्या बाबतीत नेमकं उलटं करा. मराठी रकाना ठळक, सुटं अक्षर काढून लिहा: मृ, मग अर्धा ण, मग म, मग यी. ण अर्धा आहे हे दिसलं पाहिजे. संगणकावर टाकल्यावर छापण्याआधी पडद्यावरचं नाव दाखवायला सांगा. तेवढं ते दाखवतात.

छापून आल्यावर चूक दिसली तर कायद्याच्या कलम 15 खाली दुरुस्ती होते, पण ती 'लेखनातली चूक' असावी लागते आणि पुरावा मागतात. तुमच्या अर्जाची पोच आणि त्यावर तुम्ही स्वतः लिहिलेलं बरोबर नाव, हाच तो पुरावा. पोच फेकू नका. मूळ नोंद खोडली जात नाही, समासात दुरुस्तीची नोंद होते. पण उद्या मृण्मयीचं 'अवनी' करायचं म्हटलं तर ती दुरुस्ती नव्हे, तो नावातला बदल, आणि त्याचा रस्ता राजपत्रातून जातो.

1 ऑक्टोबर 2023 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेश, पासपोर्ट, आधार यांसाठी जन्माचा मुख्य पुरावा झाला आहे. आधी आधार काढून मग दाखला जुळवू, हा जुना क्रम आता उपयोगाचा नाही.

शमी_दादर

आईचं नावही लागतं ना आता?

वॉर्डवाला

हो. 1 मे 2024 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी राज्य सरकारने क्रम ठरवला आहे: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. शाळेच्या आणि इतर सरकारी कागदपत्रांवर तो येतो. त्यामुळे पूर्ण नाव लांबतं. पासपोर्टच्या यंत्राने वाचायच्या ओळीत नावासाठी 39 जागा असतात, त्यात मधल्या खुणाही मोजल्या जातात. मृण्मयीची 9 अक्षरं धरून बाकी तीन नावं मोजून बघा. ओळ भरली तर शेवटची अक्षरं तिथे कापली जातात. पहिल्या नावाला मात्र धक्का लागत नाही.

अक्षरओळ

आधारबद्दल एक पुरवणी. आधार केंद्रात नाव इंग्रजीत टाकलं की मराठी रूप संगणक आपोआप बनवतो. 'एम आर यू एन' चं तो 'म्रुन' करण्याची शक्यता दाट, कारण यंत्राला ऋकार कळत नाही. न आणि ण यांना इंग्रजीत एकच अक्षर, त्यामुळे तिथेही अंदाजच. चालक ते हाताने दुरुस्त करू शकतो, पण तुम्ही सांगितलं तरच. पावती हातात घेण्याआधी मराठी ओळ वाचा. पाच वर्षांच्या आतल्या मुलांचं आधार बोटांचे ठसे न घेता होतं, मग 5 आणि 15 व्या वर्षी ठसे द्यायला पुन्हा जायचं असतं. तेव्हाही नाव बघून घ्या.

टंकताना संगणकावर इन्स्क्रिप्ट कळफलक असेल तर क्रम असा: सी, बरोबरचं चिन्ह, शिफ्टसह सी, डी, सी, तिरकी रेघ, आर. म, ऋकार, ण, हलन्त, म, य, दीर्घ ईकार. एकूण 7 कळा. कुणाकडून आलेलं नाव नकलून चिकटवत असाल तर सावध राहा. कधीकधी ण् आणि म यांच्यामध्ये न दिसणारं जोडतोड चिन्ह येतं. मग नाव दिसायला जवळपास तेच, पण शोधलं तर सापडत नाही, कारण संगणकाला ते वेगळं वाटतं. स्वतः टंकलेलंच वापरा.

चाफेकळी

रास कोणती येते? 'मृ' वरून मृग नक्षत्र म्हणायचं का?

नीलमोहोर

नाही. मृगाच्या चार चरणांची अक्षरं वे, वो, का, की अशी आहेत. नक्षत्राच्या नावाचं पहिलं अक्षर आणि चरणाक्षर यांचा मेळ असतोच असं नाही. म हे अक्षर मघा नक्षत्राचं: मा, मी, मू, मे. पुढे पूर्वा फाल्गुनीचा पहिला चरण मो. दोन्ही सिंह राशीत. 'मृ' असं स्वतंत्र अक्षर त्या तक्त्यात नाही, म्हणून म धरून सिंह सांगतात. पत्रिकेत वेगळं अक्षर आलं असेल तर जन्मनाव पाळण्यात कानात सांगा आणि व्यवहाराचं नाव मृण्मयी ठेवा. दाखल्यावर जन्मनाव घालायची गरज नसते. ते उगाच जोडलं की आयुष्यभर प्रत्येक फॉर्मवर लिहीत बसावं लागतं.

गोरेगावकर

हाक काय मारणार? पूर्ण नाव लहान मुलांना जड जातं. जोडाक्षर मधोमध आहे.

पाणिनीय

लहान मुलं ऋकार आणि ण् दोन्ही टाळून 'मुन्मयी' म्हणतात, ते चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप सुटतं. शिकवताना दोन तुकडे करा: 'मृण्' आणि 'मयी'. पहिल्या तुकड्यात जीभ टाळ्याला लागली की पुरे. हाकेसाठी मयी, मृणू, मनू अशी रूपं चालतात. लिहिताना विभक्ती लागली तरी ई दीर्घच राहते, मृण्मयीला, मृण्मयीचा, मृण्मयीने.

शमी_दादर

सर्वांचे मनापासून आभार. ठरलं: मराठीत मृण्मयी, ण अर्धा. इंग्रजीत यू आणि शेवटी दोन ई. घरच्या मोठ्यांना गणपतीचा मुद्दा पटला. अर्ज महिनाभराने करू, पोच जपून ठेवू. आता बारशाचा फलक छापायला टाकायचाय, त्यात काही बघायला हवं का?

अक्षरओळ

हो, आणि हे आजच करा. फ्लेक्सवाल्यांकडे अजून बरेचदा जुन्या पद्धतीचे मराठी फॉन्ट असतात. तुम्ही मोबाइलवरून पाठवलेला मजकूर त्यात टाकला की ऋकार गळतो किंवा अर्ध्या ण चा पाय मोडलेला ण् दिसतो. मजकूर पाठवू नका. नाव हवं त्या अक्षरवळणात स्वतः टंकून त्याचं चित्र किंवा पीडीएफ पाठवा आणि 'हे पुन्हा टंकू नका' असं सांगा. छपाईआधी नमुना मागवा, त्यात तीनच जागा बघा: म खालचा ऋकार, अर्धा ण, आणि शेवटची दीर्घ वेलांटी. थर्माकोलची सुटी अक्षरं कापून घेणार असाल तर 'ण्म' एकत्र जोडून कापायला सांगा. सुटे कापले की पाळण्यावर लावताना अर्धा ण उलटा चिकटवतात, तो 'प' सारखा दिसायला लागतो.